फळ्यावरचे सहा नियम

आबांना जाऊन सव्वा महिना झाला. माझ्या डोक्यावरचे केस अजून बोटभरही वाढलेले नाहीत. गिरणीच्या कचेरीत कुणी टेबलापाशी आलं की आधी डोक्याकडे बघतं आणि मग आवाज खाली आणून कामाचं बोलतं. सकाळी निघण्यापूर्वी अर्धा तास मिळतो. त्यात कधी चार ओळी होतात, कधी दोनच.

लिहायचं आहे ते गोल्फच्या मैदानाबद्दल. हे वाचून कुणाला नवल वाटेल. सोलापुरात आजही शंभरांतल्या नव्वद माणसांना गोल्फ म्हणजे काय ते ठाऊक नाही, आणि आमचं घर तर मेंढरं राखणारं, सांगोल्याकडच्या कोरड्या रानातलं. एका दुष्काळात आबा आईला घेऊन सोलापुरात आले. एका गिरणीच्या सूतखात्यात एक स्कॉच साहेब होता, त्याच्या बंगल्यावर त्यांना माळ्याचं काम मिळालं. साहेब मनाने बरा होता. गिरणीपेक्षा त्याचं लक्ष एका खेळात जास्त होतं. गिरण्यांतले, रेल्वेतले आणि कचेऱ्यांतले पंधरावीस साहेब मिळून त्यांनी होटगीच्या वाटेला लागून असलेला एक माळ पट्ट्याने घेतला, तिथे नऊ खड्डे आखले आणि तो माळ आबांच्या हवाली केला. माळाच्या कडेला एक झोपडी दिली. मी त्याच झोपडीत वाढलो आणि तिथूनच चालत शाळेला जात असे.

साहेबाच्या देशात म्हणे प्रत्येक खड्ड्याभोवती गालिच्यासारखं गवत असतं. आमच्या मुरमाड माळावर कुसळाशिवाय काही येत नव्हतं. मग दुसऱ्या गावांच्या मैदानांवर करतात तसं इथेही वाळूचं करायचं ठरलं. खड्ड्याभोवती दहाबारा पावलांचं गोल रिंगण, त्यावर चाळलेली बारीक वाळू आणि त्या वाळूत इंजिनाचं उरलेलं तेल. याला साहेब लोक ब्राऊन म्हणत. साहेबाने कागदावर काढून दाखवलं होतं, पण कागदाप्रमाणे केलेलं पहिलं रिंगण आठ दिवसांत उखणलं. आबांनी मग ते आपल्या रीतीने केलं. सुगीला खळं करतात तसं. आधी माती खणून भिजवली, बैल फिरवून मळली, चोपण्याने चोपली, शेणाने सारवली, वाळू दिली आणि मग वर तेलाची वाळू पसरली. अशी नऊ खळी त्यांनी एका हिवाळ्यात केली. साहेबाने एका खळ्यावर चेंडू सोडून पाहिला. तो सरळ गेला. साहेबाने नुसती मान हलवली. आबा ती मान हलवलेली पुढे कित्येक वर्षं सांगत.

राहिलं गवताचं. ते कापायला माणूस ठेवण्यापेक्षा आबांनी बाजाराच्या वाटेने येणारे मेंढके गाठले. सकाळी तुमची मेंढरं माळावर चरू द्या, दुपार कलली की हलवा, एवढाच करार. त्या मेंढक्यांत एक म्हातारा होता. तो आबांच्या झोपडीपुढे तंबाखू मळत बसे.

एकदा तो म्हणाला, "सायबाला घरी काम न्हाय वाटतं. ढेकळं हाणत हिंडतोय."

आबा म्हणाले, "तुजी मेंढरं तरी काय करत्यात दिसभर?"

"माजी खात्यात तरी. ह्यो हाणतोय आन् पुन्ना त्येच हुडकत बसतोय."

"बघ की. तुला जमतंय का एकदा."

"नगं बाबा. मला हुडकाय मेंढरं हायती."

आठव्या खड्ड्याच्या वाटेवर एका बाभळीखाली शेंदूर लावलेला दगड होता. मेंढक्यांचा म्हसोबा. माळ साहेबांचा होण्याच्या कितीतरी आधीपासून तो तिथे होता. पहिल्याच वर्षी एका साहेबाचा चेंडू दगडाला चिकटून थांबला. त्याने तिथूनच फटका मारला आणि लोखंडी काठीने दगडाचा टवका उडाला. दुसऱ्या दिवशी मेंढरं आली नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. पंधरा दिवसांत कुसळ गुडघ्याला आलं आणि साहेबांचे चेंडू त्यात हरवू लागले. आबा चालत जाऊन त्या म्हाताऱ्याला घेऊन आले, स्कॉच साहेबाला झोपडीपुढे बोलावलं आणि तिघांनी मिळून एक ठरवलं. दगडापासून काठीभर अंतराच्या आत चेंडू आला तर तो तिथून मारायचा नाही. माळ्याने अनवाणी जाऊन उचलायचा, काठीभर बाजूला ठेवायचा, खड्ड्याच्या जवळ सरकवायचा नाही. खेळणाऱ्याचं त्यात काही जायचं नाही. साहेबाने ते लगेच मानलं. त्याच्या गावच्या मैदानाशेजारी म्हणे जुनं कबरस्तान होतं आणि तिथला चेंडूही कुणी मारत नसे. दुसऱ्या दिवसापासून मेंढरं परत आली.

मी मॅट्रिक झालो आणि त्याच साहेबाच्या शब्दावर गिरणीच्या कचेरीत लागलो. साहेब क्लबाचा चिटणीस असल्यामुळे क्लबाची पत्रंही टाइप करायला माझ्याकडे येत. तेव्हा मला प्रथम कळलं की या खेळालाही एक मुख्य कचेरी असते. कलकत्त्यात गोऱ्या लोकांचा एक जुना क्लब होता. साऱ्या हिंदुस्थानातला गोल्फचा कारभार त्याच्याकडे. देशभरची मोठी स्पर्धा तो भरवी, नियमांचा अर्थ सांगे, कुठे वाद झाला तर लहान क्लब त्याच्याकडे लिहून निवाडा मागत. आमच्या साहेबाला आपलं मैदान त्यांच्या यादीत यावंसं वाटू लागलं. कलकत्त्याहून उत्तर आलं की तुमच्या मैदानावर जे स्थानिक नियम चालत असतील ते लेखी पाठवा, मुख्य नियमांखेरीज तेवढेच धरले जातील.

साहेब मला म्हणाला, आमच्यापेक्षा तुझ्या वडिलांना सगळं जास्त माहीत आहे. त्यांना विचार आणि एकही न सोडता लिही.

तो रविवार होता. आबा झोपडीपुढे पोत्यावर बसले. त्यांनी समोर सात खडे मांडले, हाताच्या अंतराने, ओळीत. एकेक सांगून झालं की खडा उचलून मागे टाकायचे. गाडीच्या चाकोरीत चेंडू गेला तर बाहेर काढून ठेवावा. लेंड्या हाताने बाजूला कराव्यात, काठीने नाही. ब्राऊनवर खेळण्याआधी गोणपाट ओढून वाळू सारखी करावी. उन्हाळ्यात काळ्या मातीच्या पट्टीत भेगा पडतात, भेगेत चेंडू गेला तर भेगेच्या काठावर दुसरा ठेवावा. घुशीच्या बिळाला तेच. घारीने चेंडू उचलून नेला तर होता तिथे दुसरा.

"घारीचं कशाला?" मी म्हणालो. "ते काय रोज होतं?"

"रोज न्हाय हुईत. पर झालं तर भांडण हुतंय. लिही."

मी लिहिलं. सातवा खडा त्यांनी उचलून तळहातावर धरला.

"आन् म्हसोबाचं."

"बरं," मी म्हणालो. खडा मागे पडला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी सहा नियम टाइप केले. सहाही चांगल्या इंग्रजीत, मी वाचनालयात बसून जी इंग्रजी पुस्तकं वाचत असे त्यांतल्यासारख्या. सातव्याला थांबलो. शेंदूर लावलेल्या दगडाला इंग्रजीत काय म्हणावं हे मला येत होतं, शब्दाची अडचण नव्हती. मला डोळ्यांपुढे कलकत्त्याचे साहेब दिसले, हसत हा कागद एकमेकांना दाखवताना. माळी अनवाणी जाऊन चेंडू उचलतो हे मी लिहायचं, आणि तो माळी माझा बाप. हा खेळातला नियम नाही, घरगुती समजूत आहे, ती तशीही चालूच राहील, असं मी मनाशी म्हटलं आणि कागद मशीनमधून काढला. साहेबाने न वाचता सही केली. माझ्यावर त्याचा विश्वास होता.

पुढे आमचं नाव यादीत आलं. साहेबाने खुशीत येऊन तेच नियम एका लाकडी फळ्यावर रंगवून घेतले. प्रत्येक नियमाच्या आधी रंगाऱ्याने लाल ठिपका काढला होता. काठ्या ठेवायच्या खोलीबाहेर फळा टांगला तेव्हा आबा त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले. त्यांना अक्षर येत नव्हतं. मला वाटलं, मुलाचं काम बघत आहेत.

"झ्याक झालंय," ते म्हणाले आणि गोणपाट घेऊन गेले.

त्यानंतर दीड वर्षाने स्कॉच साहेब कायमचा मायदेशी गेला. जाताना त्याने आबांना आपली जुनी टोपी दिली. आबांनी ती कधी घातली नाही, आईने खुंटीला लावून ठेवली. नवा चिटणीस दुसऱ्या गिरणीतला, विणकामखात्याचा साहेब. वयाने लहान, कामाला चोख, सगळं कागदावर असलेलं त्याला आवडे. त्या हिवाळ्यात क्लबाच्या कपाचा शेवटचा सामना त्याच्यात आणि रेल्वेच्या एका साहेबात होता. सात खड्ड्यांपर्यंत दोघे बरोबर होते. आठव्याला रेल्वेच्या साहेबाचा चेंडू उसळून बाभळीखाली गेला आणि दगडापासून वीतभर अंतरावर थांबला.

मी त्या दिवशी गुणांचा कागद घेऊन मागे चालत होतो. आबांनी वहाणा काढल्या, आत गेले, चेंडू उचलला, काठी टेकवून अंतर मोजलं, ठेवला आणि बाजूला झाले. रेल्वेचा साहेब जुना होता, त्याला यात नवीन काही नव्हतं. त्याने तिथून मारलं, तो खड्डा जिंकला, नववा बरोबरीत सुटला, आणि कप त्याचा झाला.

चिटणीसाने हात मिळवला नाही. त्याने विचारलं, हा चेंडू कोणत्या नियमाने उचलला? रेल्वेचा साहेब म्हणाला, इथे पहिल्यापासून असंच चालतं. तेव्हा चिटणीस सगळ्यांना घेऊन फळ्यापुढे गेला आणि बोट ठेवून सहाही नियम मोठ्याने वाचले. सातवा नव्हता. रेल्वेच्या साहेबाने खांदे उडवले.

शेवटी ठरलं की कलकत्त्याला विचारायचं. ते म्हणाले नियम होता, तर निकाल तसाच राहील आणि माळीही. ते म्हणाले नव्हता, तर खेळात असलेल्या चेंडूला अधिकाराशिवाय हात लावणारा नोकर या मैदानावर राहणार नाही. चिटणीसाने हे शांतपणे सांगितलं. मला म्हणाला, तुझ्या बापाला समजावून सांग.

मी सांगितलं. आबा म्हणाले, "मंजी कलकत्त्याचं पत्तर यील तवर हितंच?"

"होय."

"मग उद्या चौथं ब्राऊन उकरून घेतो. कड ढासळलीया."

पत्र मीच टाइप केलं. चिटणीस सांगत होता, मी बोटं चालवत होतो. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. पत्राच्या शेवटी एक ओळ मी घालू शकलो असतो, किंवा त्याच्या टेबलापुढे उभं राहून म्हणू शकलो असतो की साहेब, ही वहिवाट वडिलांनी मला सांगितली होती, मी ती गाळली. ते एका वाक्याचं काम होतं. पण मग न वाचता सही केलेल्या कागदाचं निघालं असतं, माझ्या नोकरीचं निघालं असतं, आणि त्याहून, का गाळली असं त्याने विचारलं असतं. मी वाट पाहिली. कलकत्त्याचे लोक जाणते आहेत, जुनी चाल म्हणून मान्य करतील, असं स्वतःला सांगत राहिलो. तीन आठवडे रोज टपालाची पिशवी मी स्वतः उघडत होतो. घरी आबांनी एकदाही विचारलं नाही. आईने विचारलं, तेव्हा म्हणाले, "कलकत्ता काय मोडनिंब हाय व्हय, सांजच्याला परत याया?"

उत्तर आलं ते सभ्य भाषेत होतं. स्थानिक नियम करणं हा सर्वस्वी स्थानिक क्लबाचा अधिकार आहे, मुख्य संस्था त्यात पडत नाही. असा नियम त्या वेळी अमलात असेल तर चेंडू उचलणं योग्यच. मात्र आपल्या क्लबाने पाठवलेल्या यादीत असा नियम आढळत नाही, यादीची नक्कल सोबत जोडली आहे. पुढे तसा नियम करावासा वाटल्यास क्लबाने जरूर करावा.

सोबत माझे सहा नियम होते. कलकत्त्याच्या टाइपात, स्वल्पविरामसुद्धा माझेच.

चिटणीसाने आबांना झोपडीतून बोलावून घेतलं. फळ्याखाली खुर्ची टाकून बसला होता. मला म्हणाला, विचार याला, चेंडू उचलायला कुणी सांगितलं होतं.

मी विचारलं. आबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, माणूस बोलणाऱ्याकडे पाहतो तेवढाच. मग साहेबाकडे वळून हात जोडले.

"चुकलं माजं, सायेब. कुनी सांगितलं न्हवतं."

मी त्याचं इंग्रजी केलं.

आठ दिवसांत आम्ही झोपडी सोडली आणि शहरात पद्मसाळी विणकरांच्या आळीत एक खोली घेतली. दिवसभर मागांची खटखट आणि शेजारणींचं तेलुगू. आईला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तरी वर्षभरात ती त्यांच्याशी भांडायला शिकली. आबांनी सरकी काढायच्या एका जिनात रुईचे गठ्ठे बांधायचं काम धरलं. चिटणीसाने दगड उपटून नाल्यात टाकला. मेंढके दुसऱ्या वाटेने जाऊ लागले. गवत कापायला दोन माणसं ठेवली, मग एक, मग ते परवडेना. नवीन माळ्याला ब्राऊन सारखे करायला सांगितलं होतं. खालचं खळं काय होतं ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. दोन पावसाळ्यांत सगळी उखणली. साहेब लोक बॅडमिंटनकडे वळले आणि कलकत्त्याच्या यादीतून नाव गेलं. ते कमी करण्याचं पत्रही मीच टाइप केलं.

या सगळ्यात आबा मला कधी काही बोलले नाहीत. मी हेडक्लार्क झालो तेव्हा त्यांनी आळीत पेढे वाटले. रुईच्या धुळीने छाती भरली, खोकला लागला. शेवटच्या दोन वर्षांत ते दाराशी पोत्यावर बसून असत. मी कचेरीतून आलो की विचारायचे, "आज काय लिवलं?" मी सांगायचो, अमुक पत्र, तमुक पत्र. ते ऐकून घ्यायचे. त्या प्रश्नाचा मला कंटाळा यायचा. कधीकधी मी उत्तर न देता आत जायचो.

बाराव्या-तेराव्याची माणसं गेल्यावर आई एकदा हुलगे निवडत बसली होती. खुंटीवरची टोपी खाली काढून तिने मांडीशी ठेवली होती. कुणाला द्यायची का, असं मी विचारलं.

ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे. त्या सायबानं सई केली तरी त्याला ठावं न्हवतं. ह्यास्नी ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"फळ्याचं. फळा टांगला त्याच दिशी घरी येऊन म्हनाले, सात सांगितलं, ठिपकं सा हायती."

तिने मूठभर हुलगे सुपात पुढे ओढले.

"मी म्हनलं, मग इचारा की त्याला. तर म्हनले, नगं. पोराला लाज वाटली आसंल. लाज सरली की लिवंल त्यो."

"आणि कामावरून काढलं तेव्हा?"

"तवा बी तेच. म्हनले, त्याची नोकरी नवी हाय, माजी जुनी झाली." खडा सापडला तो तिने अंगणात टाकला. "मग रोज इचारायचे की तुला. काय लिवलं म्हनून."

याला आता तीन आठवडे झाले. मैदान राहिलं नाही, क्लब नाही, दगडही नाल्यात कुठे आहे ते मला सापडलं नाही, दोन रविवार जाऊन पाहिलं. कलकत्त्याला लिहून आता काही अर्थ नाही. तरी काल कचेरी सुटल्यावर मी थांबलो, मशीनवर कागद चढवला आणि इंग्रजीत ते टाइप केलं. एक चूक न होता झालं. तेच इथे मराठीत उतरवतो.

नियम सातवा. आठव्या खड्ड्याच्या वाटेवर बाभळीखाली म्हसोबाचा दगड आहे. मेंढके त्याला मानतात, आणि त्यांची मेंढरं या मैदानाचं गवत राखतात. दगडापासून काठीभर अंतराच्या आत चेंडू थांबल्यास तो तिथून मारू नये. माळ्याने अनवाणी जाऊन तो उचलावा आणि काठीभर बाजूला, खड्ड्याच्या जवळ न सरकवता, ठेवावा. यात खेळणाऱ्याची किंवा माळ्याची चूक धरू नये.